मिऱ्यांनी कापूर खरंच टिकतो का?

मंडळी, आज डोकं चालेनासं झालंय.

विश्रांतवाडीत मी अकरावीला केमिस्ट्री शिकवते. कापूर न वितळता थेट हवेत उडतो, हे मला तोंडपाठ. डबीत मिरे टाकले की तो उडत नाही, हे सासूबाईंचं ठाम मत. म्हणून गेल्या महिन्यात देवघरात दोन डब्या भरून ठेवल्या. एकीत कापूर आणि मिरे, दुसरीत नुसता कापूर.

आज उघडल्या. मिऱ्यांची भरलेली, दुसरी साफ रिकामी! मी चक्रावलेच. रेणूंमधलं आकर्षण, बाष्पदाब, सगळं आठवून पाहिलं. यात मिरे काय करणार?

शेवटी विचारलं, "अहो आई, यातला कापूर गेला कुठे?"

"आरतीला. तो उडूनच जाणार होता, म्हणून आधी तोच वापरला."

आता माझा प्रयोग फसला की त्यांचा यशस्वी झाला?