दोन शीलांवर कापलेला प्रसंग

गेल्या पौर्णिमेला संध्याकाळी, गंगापूर रोडजवळच्या आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात माझ्या धाकट्या बहिणीचा चित्रपट मध्येच थांबवावा लागला. धम्मदीक्षा घेणाऱ्या एका बाईची ही कथा तिने मैत्रिणींच्या मदतीने चित्रित केली होती. थिएटर मिळाले नव्हते. विहार समितीचे अध्यक्ष हो म्हणाले, तरच तो इतर विहारांत दाखवता येणार होता. ते पहिल्या रांगेत बसले होते.

पडद्यावर पंचशील सुरू झाले, तसे सगळे हात जोडून उभे राहिले आणि सोबत म्हणू लागले. संकलन करताना बहिणीने तो प्रसंग दोन शीलांनंतर कापला होता. पडद्यावर नवरा-बायकोचे भांडण लागले, तेव्हा विहारात तिसरे शील चालू होते. कोणी थांबले नाही, कोणी बसले नाही. बहिणीने घाईघाईने लॅपटॉपवर चित्रपट थांबवला.

"ताई, यांना राग आलाय का गं?" तिने हळूच विचारले.

पाचवे शील संपल्यावर लोक बसले. शेजारच्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "बाकीची तीन कुठं ठेवलीस, पोरी?" हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत.

चित्रपट शेवटपर्यंत चालला. निघताना अध्यक्ष बहिणीला म्हणाले, "पंचशील पूर्ण घाल. मग बघू."

तिने ते पूर्ण घातले आणि नवी प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांचा फोन अजून आलेला नाही.