कुंकवाखालची वस्ती

आमच्या तालुक्यात हल्ली इतिहास संशोधकांचं पीक आलंय. माणूस निवृत्त झाला, घरात सुनेला त्याची अडचण व्हायला लागली, की चालला इतिहास शोधायला! यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं दगडखाणीचं गाव. या मंडळींनी त्या खाणीच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं काढलं आणि जुना नकाशा मागायला मी आता राहतो त्या पिंप्राळ्यात माझ्या घरी आले.

नकाशा माझ्या वडिलांनी काढलेला. ते खाणीवर मुकादम होते. सरकारी नकाशात खाणीशेजारी नुसतं 'पडीक' लिहिलंय. वडिलांनी तिथं दगडफोड्यांचं एकेक झोपडं शाईनं मांडलं, प्रत्येकावर राहणाऱ्याचं नाव घातलं आणि खाली पोलीस पाटलाची सही घेतली. ती वस्ती तेव्हापासून आहे, याचा दुसरा कागद जगात नाही.

त्याच वस्तीतल्या एका अक्काला अतिक्रमणाची नोटीस आलेली. तिच्या सासऱ्याचं नाव नकाशात होतं आणि सोमवारी तहसीलमध्ये पुरावा दाखवायचा होता. ती आठवडाभर आधीच माझ्याकडे आली होती. मी म्हणालो, "अक्का, रविवारी प्रदर्शन होऊ दे, तिथूनच घेऊन जा." कारण काय, तर संशोधकांनी मला स्टेजवर शाल-नारळ कबूल केला होता.

रविवारी गावच्या शाळेत नकाशा टेबलावर मांडला. वर काच? छे, काच कशाला! संशोधकांचे अध्यक्ष म्हणाले, "आधी पूजा." आमच्याकडे ट्रॅक्टर आणा नाहीतर फ्रीज आणा, हळदकुंकू लागल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. मग इतिहास तसाच कोरडा कसा सोडायचा? त्यांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि थेट कागदावर स्वस्तिक काढायला घेतलं. नकाशातल्या देवळावर नको, पाटलांच्या घरावर नको, म्हणून वस्तीवर काढलं. मग टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. पाणी सगळं नकाशावर.

"अहो, शाई उतरतेय!" मी ओरडलो. तर त्या शहाण्यानं खिशातला रुमाल काढून खसाखसा पुसलं. अकलेचं दिवाळं, दुसरं काय! वर मलाच समजावतो, "भाऊ, देऊळ तर शाबूत आहे ना!"

मी फोटो शोधले. सकाळपासून ढिगानं काढले होते, पण प्रत्येकात पाहुणे नकाशाला पाठ लावून हसत उभे. हे इतिहास जपणार!

आणि मी? नाव पुकारल्यावर मुकाट स्टेजवर गेलो, शाल घेतली, हातही जोडले. त्या सगळ्या मूर्खांत सर्वांत नालायक मीच.

खाली उतरलो तर अक्का टेबलाशी उभी. तिला वाचता येत नाही.

"भाऊ, मन्हं घर कोठे शे यामा?"

मी बोट ठेवलं. जागा मला पाठ होती. बोट उचललं तर टोक लाल झालेलं, आणि खाली नुसता डाग.

तिनं डागाकडे पाहिलं, मग माझ्या अंगावरच्या शालीकडे.

"तुन्हा बापनी काढेल व्हतं," ती म्हणाली. "तू पुशी टाकं."