दुसरी सही

मस्टरवर सही करायला गावकरबाईंना चांगली पाच मिनिटं लागत. आम्ही बाकीचे शिक्षक बसमधून उतरून धापा टाकत यायचो, सही ठोकायचो आणि वर्गावर पळायचो. बाई चष्मा लावून आख्खं पान वाचायच्या. मी चित्रकलेचा मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी मीही तशीच सही ठोकली, तर मागून आवाज आला, "मास्तर, वाचलात काय? तो रकाना रजेचा. पयल्याच दिसा रजा?" सगळा स्टाफ हसला, माझे कान तापले. बाई हसल्या नाहीत. "नाव आपलं, हात आपलो, मगे डोळे कोणाचे?" एवढंच म्हणाल्या. पुढं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं.

बाई नववीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. स्त्री-पुरुष समानतेचा धडा आला की चिडायच्या. "पोरगे उत्तर पाठ करतत, पेपरात लिवतत आणि घरा जावन भयणीक ताट उचलूक लावतत!" म्हणून त्यांनी कायदा शिकवायची कार्डं करायला घेतली आणि चित्रांसाठी मला धरलं. मिठाईच्या खोक्यांची झाकणं कापून आम्ही मधल्या सुट्टीत बसायचो. प्रत्येक कार्ड शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईला वाचून दाखवायचं, तिला कळलं नाही तर फाडायचं, असा त्यांचा नियम. माझी कितीतरी सुंदर चित्रं फाडली त्यांनी. मी मनातल्या मनात शिव्या घालायचो.

शेवटी त्यातून एक खेळ उभा राहिला. आमच्या गोव्यात लग्न नोंदवायला दोनदा सही करावी लागते. पहिली सही म्हणजे नुसता इरादा. ठरलेले दिवस गेल्यावर पुन्हा जाऊन दुसरी केली की लग्न कायद्यानं लागतं, आणि वेगळा करार नसला तर नवऱ्याच्या घरादारात बायकोची निम्मी मालकी होते. पण गावात पहिली सही झाली की मांडव पडतो, जेवणावळी उठतात, आणि दुसरी सही राहून जाते. वर्गात मुलं नवरा-नवरी व्हायची, खोट्या वहीत सही करायची, बाकं बडवून वाजंत्री व्हायची. बाई विचारायच्या, "लगीन झालां?" सगळा वर्ग ओरडायचा, "झालां!"

"ना झालां," बाई म्हणायच्या आणि दुसऱ्या सहीचं कार्ड वर धरायच्या.

शेवटच्या कार्डावरची ओळ माझी. 'घरी आईला विचारा : दुसरी सही कधी केली?' बाईंना ती पटली नव्हती. "प्रश्न घरा धाडतांव, मास्तर. उत्तर सांबाळूक कोण जातलो?" मी हट्टाला पेटलो. म्हटलं, बाई, घरी गेला नाही तर कायदा कसला? शेवटी त्या "बरां" म्हणाल्या.

वर्गातल्या सुवर्णानं घरी विचारलं. तिच्या आईची दुसरी सही झालीच नव्हती. सुवर्णाचा बाप पाळी गावच्या खाणीवर खनिजाच्या टिपरवर ड्रायव्हर. पंधरा वर्षांपूर्वी नेमक्या दुसऱ्या सहीच्या आठवड्यात त्याला काम लागलं होतं आणि सही राहून गेली. आता बायकोनं विषय काढताच तो उखडला. "आत्ता सही कित्याक? माझेर विश्वास ना तुजो?" बाई ओळीनं चार रविवार त्यांच्या घरी गेल्या. मला एकदा म्हणाल्या, "मास्तर, येतलात?" मी काहीतरी निमित्त सांगितलं. बाईंनी मात्र त्याला राजी केलं. जुन्या सहीची मुदत केव्हाच संपलेली, म्हणून पहिली सही पुन्हा नव्यानं झाली. दुसरीचा दिवस ठरला, आणि त्याच दिवशी बंद पडलेली खनिजाची वाहतूक सुरू झाली. "ट्रिपा चुकतल्यो, फुडल्या सोमवारी करुया," म्हणून तो खाणीवर गेला. शनिवारी टिपर उलटला. तो जागच्या जागी गेला.

बारावा होताच दिरांनी सुवर्णाच्या आईला विचारलं, "तू खंयची कोण?" मुलीचा हक्क कोर्टात भांडून मिळेल, आईचा कागदोपत्री काहीच नाही, असं वकील म्हणाले. मायलेकी तुये गावात भाड्याच्या खोलीत आल्या. आई तिथल्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दीर शाळेत आले ते भांडायलाच. या कार्डानं आमच्या घरात आग लावली, म्हणाले. पालकसभेत संस्थेच्या अध्यक्षांनी कार्ड वर धरून विचारलं, "ही ओळ कोणाची?"

मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

"माझी," बाई म्हणाल्या.

कार्डं कपाटात गेली. बाईंचा नागरिकशास्त्राचा तास काढून घेतला. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि त्यानंच मला जास्त मारलं. तासाच्या घंटा होत राहिल्या, बाई रोज मस्टर वाचून सही करत राहिल्या. सुट्टीच्या दिवशी सुवर्णाच्या आईबरोबर वकिलाकडे जायच्या. निवृत्तीला वर्ष होतं तेव्हा आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या. मी भेटायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परत आलो. कसला भेकड माणूस मी!

शोकसभेत तेच अध्यक्ष म्हणाले, "बाई थोर होत्या. आयुष्यात त्यांच्या हातून एकच चूक झाली." तेव्हा मात्र मी उठलो. म्हटलं, "ती ओळ बाईंची नव्हती. माझी होती."

मागच्या बाकावरून सुवर्णाची आई उभी राहिली. कारखान्याचा ॲप्रन तसाच अंगावर. आता ही मला काय म्हणेल, याचीच मला धास्ती.

"चूक खंयची, मास्तर?" ती म्हणाली. "ओळ खरीच आसली. मी शाळेत आसताना ती कोणी लिवली आसती तर मी आज माझ्या घरात आसतंय. खरी ओळ लिवन तुमी गप्प कित्याक बसलात?"

सभा तशीच संपली. मी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि शेवटचं कार्ड बाहेर काढलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग त्या ओळीखाली सही केली.

आता दर वर्षी नववीला चित्रकलेच्या तासाला हा खेळ मी घेतो. कार्ड घरी पाठवतो, आणि रविवारी घरोघर उत्तर ऐकायला जातो.