बूटबंगल्यातलं भूत

देवळाली कॅम्पच्या मागे, जिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, तिथे राणीच्या काळातला एक बूट कारखाना उभा आहे. गोऱ्या शिपायांचे बूट तिथे शिवले जायचे, म्हणून तो बूटबंगला. लोकांच्या तोंडी बुटाचं भूत झालं आणि आता रिक्षावाल्यालाही भूतबंगलाच सांगावं लागतं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. हे नाव ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचे वडील तिथले कारागीर. कारखाना बंद पडला तेव्हा मुंबईच्या मालकाने किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. त्या आता दादाकडे आहेत आणि एका कोपऱ्यात बसून तो चपला, पिशव्या शिवतो.

यंदा मालकाने इमारत विकायला काढली आणि दादा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भुताच्या गोष्टी सांगू लागला. पावसात खांब रडतात, म्हणे. वहिनीने हे हसत सांगितलं, मला मात्र हसू आलं नाही. अमावास्येला स्मशानावरून सायकल हाणत घरी येणाऱ्या माणसाला आत्ताच भूत कुठून दिसलं? त्यातच एक बिल्डर त्याच्याकडे चहा पीत बसलेला मी पाहिला. कुठेतरी पाणी मुरत होतं. बाकीच्यांना पळवून लावून दादा ही वास्तू याच्या घशात घालणार, असं मी धरून चालले. विचारलं तर तो नजर टाळून म्हणाला की तू यात पडू नकोस. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पुढच्या रविवारी ठाण्याचे एक गृहस्थ जागा बघायला येणार होते. मी आधीच जाऊन बसले. श्रावणातली सर आली, खांब घोगऱ्या आवाजात कण्हू लागले आणि दादाने आवाज खाली आणून सुरुवात केली. मी त्याला मध्येच तोडलं.

भूतबित काही नाही, मी म्हणाले, हा बूटबंगला आहे. छप्पर बघा, करवतीच्या दात्यांसारखं. काचा सगळ्या उत्तरेला, म्हणजे कातड्यावर ऊन पडत नाही आणि उजेड मात्र दिवसभर सारखा. दोन दात्यांच्या मधल्या पन्हळीत साचलेलं पाणी या पोकळ बिडाच्या खांबांतून खाली जातं, त्याचाच हा आवाज. गृहस्थांनी खांबाला कान लावला. त्यांचा चेहरा खुलला आणि मला कोण आनंद झाला.

"बरं झालं मॅडम, तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "अशा जागी पाडकामाला मजूर येत नाहीत हो. आधीचा बिल्डर त्यापायीच मागं फिरला. आता माझी काळजी मिटली."

दारातच फोन लावून त्यांनी मालकाला होकार कळवला आणि गाडी निघून गेली. मी दादाकडे बघू शकत नव्हते. तो पाटावर बसून अर्धवट शिवलेली चप्पल हातात फिरवत होता.

"तुला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. बोलताना शब्दसुद्धा चुकला, 'मला'च्या जागी 'तुला' आलं.

"तू खोटं बोलली नसतीस," दादा म्हणाला. "आन् आपल्याकडं दुसरं काय होतं? ना कागद, ना वकील. एक भूत होतं तेवढं राखणीला."