आमच्या वाड्यापुरता भूकंप

लातूरकडे भूकंप झाला त्या वर्षी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मदतीच्या कपड्यांचा ढीग जमला होता. मी भूगोलाची शिक्षिका, म्हणून ते कपडे निवडायचं काम माझ्याकडे आलं. त्या ढिगात मला फाटके परकर सापडले, घामाने पिवळे पडलेले बनियन सापडले आणि एका चादरीत तर वाळलेली ओकारी होती. ज्यांची घरं माणसांसकट गाडली गेली त्यांना आम्ही हे देत होतो. मी ते कपडे मागच्या अंगणात नेऊन जाळले आणि मग साबणाने कितीदा तरी हात धुतले. उरलेली गाठोडी ज्या ट्रकमधून गेली तो माझ्या मोठ्या दिरांचा होता. ट्रकवर लावलेल्या कापडी फलकावर मदतीचं नाव बारीक अक्षरात होतं आणि त्यांचं स्वतःचं ठळक.

आमचं गाव गोव्यात, साखळी शहराच्या पलीकडे, खाणीच्या पट्ट्यात. आम्ही राहायचो तो खालचा वाडा, म्हणजे डोंगराच्या पायथ्याची पंचवीस-तीस घरांची वस्ती. डोंगराच्या पोटात खाण. मोठे दीर तिथले कंत्राटदार होते. दगड फोडायचे सुरुंग, माती उपसायची यंत्रं, खनिज वाहणारे टिप्पर, सगळं त्यांच्या हाताखाली. माझे यजमान त्याच खाणीच्या कचेरीत टायपिस्ट. गावात दिरांना सगळे पात्रांव म्हणायचे, मालक म्हणावं तसं. मी भाऊजी म्हणायचे. घरात आमचं बोलणं कोकणीतच चाले; लिहिणं मराठीत, म्हणून इथेही मराठीतच सांगते.

दुपारी खाणीचा भोंगा वाजायचा. मग सुरुंग उडायचे आणि आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. चिऱ्यांच्या भिंतींना मातीचा गिलावा. तो पोपडे धरून गळायचा. शेवटी वाड्यावरच्या बायका खाणीच्या रस्त्यावर जाऊन बसल्या. त्यात पुढे होती माझी शेजारीण. ती सावंतवाडीकडची, नवरा भाऊजींच्याच टिप्परवर ड्रायव्हर. तरीही ती रस्त्यावरून उठली नाही. खाणवाल्यांना कबूल करावं लागलं की आमच्या घरांच्या बाजूला सुरुंग लावणार नाही. पण चांगलं खनिज नेमकं त्याच बाजूला होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आणि मग लातूरनंतर घाटावरून एक पंडित आला. भूकंप आधी सांगतो म्हणे. उतरला भाऊजींकडे. भाऊजींचं घर वाड्याबाहेर, आमच्याहून वेगळं, पण जाऊबाई माहेरी गेलेल्या, म्हणून वाढायला मला बोलावलं. तो माणूस जेवत होता ते आजही आठवलं की माझ्या घशाशी येतं. कढीत पाची बोटं मनगटापर्यंत, माशाचा काटा चोखून ताटाबाहेर जमिनीवर, ढेकर माझ्या तोंडावर. उठल्यावर त्याने हात धुतले ते नावाला, आणि पुसले जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, पडद्याला. जाऊबाईंनी स्वतः विणलेला पडदा होता तो. भाऊजी पाहत होते आणि हसत होते.

संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात त्याने सांगितलं, "येत्या अमावास्येला, दुपारी, या डोंगराखालचा शेष कूस बदलणार. खालच्या वाड्यावर एकानंही घरात राहायचं नाही."

लोक घाबरले. लातूरचे फोटो सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, पंडित म्हणतात ते होणार?"

मी फळा पुसला आणि तो धडा पुन्हा शिकवला. जमिनीखालचे प्रचंड खडक एकमेकांना रेटत असतात, वर्षानुवर्षं ताण साठत जातो, एक दिवस खडक तुटतो नाहीतर सरकतो, आणि तो हादरा लाटांसारखा चारी दिशांना दूरवर जातो. कोणत्या भागात धोका जास्त, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. कोणत्या दिवशी, कोणत्या दुपारी, हे जगात कोणी सांगू शकत नाही. आणि माणसं मरतात ती बहुतेक भूकंपाने नाही, अंगावर पडणाऱ्या घराने मरतात.

"म्हणजे घराबाहेर राहिलेलं बरं ना, बाई?" ती मुलगी म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

अमावास्येच्या सकाळी भाऊजी स्वतः आमच्या दारात आले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी आजारी असतानाही ते कधी माझी चौकशी करायला आले नव्हते.

"गे, आज घरांत रावूं नाका," ते म्हणाले. "आईला घेऊन देवळाकडे जा."

"भाऊजी, तुमचा विश्वास आहे यावर?"

"माझ्या विश्वासाचं काय घेऊन बसलीस? जा म्हटलं की जायचं."

मी जाणार नव्हते. पण सासूबाई उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, सून आत असेपर्यंत मी हलणार नाही. शेवटी त्यांचा हात धरून निघाले. शेजारीणही आली, एका काखेत लेक आणि दुसऱ्या हातात कोंबड्यांची टोपली. आमची गाय सोडली. शेजारणीची शेळी मात्र मागच्या पडवीत बांधलेली राहिली.

देवळापुढे जत्रा भरावी तशी गर्दी झाली होती. कोणी भजी तळत होतं. पंडित झाडाखाली मेझावर, म्हणजे टेबलावर, पाय सोडून बसला होता आणि सुपारी कातरत होता. जेवणवेळ टळली. आणि मग धक्का बसला. पायाखालून एकच, दणकट, बोथट. पाठोपाठ आवाज. देवळाची घंटा आपोआप हलली. बायका किंचाळल्या. पंडित उठून उभा राहिला, हात वर केले आणि ओरडला, "आला! शेष हलला!" माणसं त्याच्या पायांवर लोटांगण घालू लागली.

मी डोंगराकडे बघत होते. आमच्या वाड्याच्या डोक्यावर तांबड्या धुळीचा खांब उठला होता. तो उंच गेला, फुटला आणि वाऱ्याबरोबर आमच्याकडे सरकला. त्या धुळीबरोबर वास आला, सुरुंगाच्या दारूचा, रोज दुपारी येणारा तोच. फक्त आज तो आमच्या घरांच्या बाजूने आला होता आणि आज भोंगा वाजला नव्हता.

"हा भूकंप नाही," मी मोठ्याने म्हणाले. "सुरुंग आहे हा. वास घ्या!"

माझ्याकडे वळून पाहिलं ते फक्त शेजारणीने. मग टोपली तिथेच टाकून ती वाड्याकडे धावत सुटली. मी तिच्या मागे.

तिच्या घराची मागची अख्खी भिंत आत कोसळली होती. छपराची कौलं, वासे, सगळं चुलीवर. चिऱ्यांखालून शेळीचे पाय दिसत होते. शेजारीण रडली नाही. तिने चिरे उपसायला सुरुवात केली आणि मला विचारलं, "बाई, ह्यां कोणी केलां ओ? देवान?"

"नाही," मी म्हणाले. "देवाने नाही केलं हे."

आमच्या घरात जनेलापासून जमिनीपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती. विहिरीचं पाणी मातकट झालं आणि पुढच्या काही दिवसांत तळाला गेलं.

मी साखळीच्या बाजारात विचारलं, बसमधल्या बायकांना विचारलं, आसपासच्या गावांतून शाळेत येणाऱ्या मुलांना विचारलं. कोणालाच काही जाणवलं नव्हतं. घरं पडण्याइतका भूकंप डोंगराच्या एका कुशीत होऊन संपतो, असा भूकंप मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

पाहणीला एक सरकारी साहेब आला. खाणीच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर जेवून-पिऊन आला होता, हे त्याच्या तोंडाच्या वासावरून कळत होतं. आमच्या भेगेत त्याने पेन घालून पाहिलं आणि म्हणाला, "सौम्य भूकंप."

"साहेब, इतर कुठल्या गावात जाणवला?" मी विचारलं.

"लहान धक्के स्थानिक असतात, बाई."

"इतके स्थानिक? साखळीत कपातला चहासुद्धा हलला नाही. आणि धूळ? सुरुंगाच्या दारूचा वास?"

तो भाऊजींकडे वळला. "या कोण?"

"माझी भावजय. शाळेत शिकवते," भाऊजी म्हणाले, आणि दोघं हसले. माझ्या शिकवण्याचं हसू एखाद्याला इतकं यावं, हे मला नवीन होतं.

मग पंचायतीची सभा झाली. मला वाटलं होतं, निदान इथे तरी कोणीतरी बोलेल. सरकारला अर्ज द्यायचा ठरलं आणि कोणीतरी विचारलं, अर्ज कोणत्या भाषेत? झालं. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती, पण मराठी-कोकणी वादाची जखम अजून ओलीच होती. एक बाजू म्हणाली, कोकणी राजभाषा आहे, अर्ज कोकणीतूनच जाईल. दुसरी म्हणाली, आमची सात पिढ्यांची मराठी सोडून आम्ही सही करणार नाही. बाकं आपटली गेली. एकाने दुसऱ्याचा बाप काढला. ज्यांची घरं पडली ती माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी होती, त्यांच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. मीही मराठी शाळेतच शिकवत होते, मराठीसाठी भांडलेही होते. पण त्या दिवशी दोन्ही भाषा मला उष्ट्या पत्रावळीसारख्या वाटल्या. भाऊजी पहिल्या रांगेत बसून दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. अर्ज लिहिला गेलाच नाही. पुढच्या सभेत पंडिताला शाल आणि श्रीफळ दिलं.

त्या रात्री यजमान जेवले नाहीत. कचेरीत त्यांच्याकडून गावकऱ्यांच्या नावाने पत्रक टाइप करून घेतलं होतं: भूकंपाचा धक्का आम्हाला जाणवला, खाणीशी त्याचा संबंध नाही.

"तुम्ही टाइप केलंत?"

"माझं काम आहे ते."

मी ताट उचललं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

दुसऱ्या सकाळी मी भाऊजींच्या घरी गेले. ते पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेला गरम पाव चहात बुडवत होते. मी सरळ विचारलं, "सुरुंग तुम्ही लावलात ना?"

मला वाटलं होतं, नाकारतील. त्यांनी पाव तोंडात घातला, चावला, गिळला.

"लावला. मग?"

"शेजारणीचं घर पडलं."

"घर पडलं ना? माणूस पडलं?" ते म्हणाले. "सगळ्यांना बाहेर काढूनच लावला. तुला काढायला तर स्वतः आलो. कोणाला खरचटलं तरी का? तिकडे लातूरला हजारो मेली, इथे एक शेळी. उलट माझे उपकार माना."

बोलताना त्यांच्या हनुवटीवरून चहा ओघळत होता. त्यांना लाज तर नव्हतीच, पण भीतीही नव्हती. वर लातूरच्या मढ्यांना त्यांनी आपल्या हिशोबात उभं केलं होतं. मी मागल्या दारी जाऊन ओकले. आतून ते ओरडत होते, "काय गे, दिवस गेलेत की काय?"

शेजारणीला घेऊन मी डिचोलीला तालुक्याच्या कचेरीत गेले. तिची तक्रार मीच सांगितली, भाऊजी काय म्हणाले तेही सांगितलं. खुर्चीतला माणूस ऐकत होता. मग म्हणाला, "घरचं भांडण घरात मिटवा, बाई." दोनदा, तीनदा गेलो. चौथ्या वेळी शेजारणीच्या नवऱ्याला टिप्परवरून काढलं.

त्यांनी गाव सोडलं. पेडण्याकडे इब्रामपूरला तिचा भाऊ काजूच्या बागेत राबायचा, तिथे गेली. एकेक करून खालचा वाडा रिकामा झाला. आता भूकंपाचा धोका असलेली जागा म्हणून लोक स्वतःच खाणीला घरं विकून निघाले आणि डोंगराची ती बाजू खणायला मोकळी झाली. तिथलं खनिज बार्जमध्ये भरून नदीतून मुरगाव बंदरात गेलं.

मीही पेडणे तालुक्यातल्या शाळेत बदली मागून घेतली. यजमान म्हणाले, दोन दिवसांत राग उतरेल तुझा. मी एकटीच खोली भाड्याने घेऊन राहिले. दीड-दोन वर्षांनी ते खाणीची नोकरी सोडून आले. दारात ट्रंक ठेवून म्हणाले, "मला ते टाइप करायला नको होतं." मी त्यांना आत घेतलं. पण ते पत्रक आमच्या संसारात कायमचं राहिलं.

शेजारणीला मी इब्रामपूरला जाऊन भेटत असे. तिने मातीच्या बुटक्या भिंती घालून वर हलके पत्रे टाकले होते. "पडलां तरी मरूचां नाय," ती म्हणायची आणि मला काजूच्या बोंडांचा रस द्यायची. भूकंपात घर कसं असावं याबद्दल मी वर्गात जे शिकवत होते, तेच तिने बांधलं होतं, कोणी न सांगता, फक्त एकदा घर अंगावर येता येता राहिलं म्हणून.

भाऊजी पुढे मोठे झाले. समारंभांत व्यासपीठावर बसू लागले, निसर्गाच्या रक्षणावर भाषणं देऊ लागले. गेल्या खेपेला पुतण्याच्या लग्नात ते भेटले. थकले होते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, वाकून नमस्कार कर, मोठे आहेत." सगळे पाहत होते. त्यांनी आशीर्वादासाठी हात पुढे केला. नखं खाणीच्या धुळीने अजून तांबडी होती की मला तसं दिसलं, कोण जाणे.

मी वाकले नाही. पदर सावरला आणि यजमानांना म्हणाले, "चला, शेवटची बस चुकेल."