परांचीवाला

"आधी मी नाचतो, मग तुम्ही चढा नी!" असं म्हणत तो परांचीच्या फळीवर दोन्ही पायांनी दणादण उड्या मारायचा. खाली गवंडी आणि घमेलीवाल्या बायका हसत उभ्या. रोज सकाळी हा तमाशा ठरलेला.

डहाणूत आमच्या शेजारच्या मास्तरांच्या घरावर माडी बांधायचं काम चाललं होतं, तेव्हाची, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बांबूंची परांची बांधायला हा जवळच्या कैनाड गावाहून सायकलीवर यायचा. आपल्या कामाचा असा तोरा मिरवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गाठ मारली की काथ्याच्या दोरीवर थाप मारून म्हणायचा, "हत्ती बांधा, सुटायची नाय." मी एकदा विचारलं, "हत्ती आणू कुठून?" तर मास्तरांकडे बोट दाखवून म्हणाला, "हे हायत नी!" मास्तर अंगाने भारी. तेही पोट धरून हसले.

पाडव्याला काम बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. फळीवरचा दणदण आवाज चालू होता, तो मधेच थांबला. मग बायकांच्या किंकाळ्या. धावत गेलो तर तो विटांच्या ढिगावर उताणा पडलेला, डोळे उघडे. "दुसरं कोण चढलं नवतं नी?" एवढंच त्याने विचारलं.  त्याचे पाय नंतर कधी हललेच नाहीत.

महिन्याभराने मास्तर म्हणाले, "चला, त्याला बघून येऊ." कैनाडला घराच्या ओटीवर तो बाजेवर पडून होता. बायकोने आमच्यासाठी चहा आणून ठेवला. तो आमच्याकडे बघेना. म्हणाला, "मास्तर, इतकी वर्सं झाली, माझी गाठ कदी सुटली नवती. तोंड दाखवायला जागा नाय रायली."

मास्तर बाजेजवळ सरकले. "तुझी गाठ नव्हती रे ती. गुढी उभारायला परांचीचा एक आडवा बांबू मी काढला होता. संध्याकाळी मीच तो परत बांधला."

मी हादरलो. भिंतीला भिंत लागून राहत होतो, पण मला याचा पत्ता नव्हता. आता हा शिव्यांची लाखोली वाहणार, म्हणून मी मान खाली घातली.

तो हातांवर जोर देऊन अर्धा उठला आणि ओरडला, "ऐकलंस गो? माझी गाठ सुटली नवती! सगळ्यांना सांग!" चेहरा नुसता फुलला होता. त्याचा तो आनंद बघून मला रडूच आलं.

 बायकोने त्याच्या पायांवरची चादर नीट केली, आणि आमच्या पुढ्यातले दोन्ही भरलेले कप उचलून आत नेले.