घेतलं म्हणेपर्यंत

तिला सगळे खिळा म्हणायचे. तोंडावर खिळामावशी, पाठ वळली की नुसतं खिळा. नाव काही कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. तिनंही ते मनाला लावून घेतलं नाही. खिळा तर खिळा.

दोऱ्याच्या कारखान्यात ती रीळ भरायच्या मशीनवर होती, लग्नाच्या आधीपासून. त्या मशीनची खोड अशी, की बघणारं माणूस बाजूला झालं रे झालं की दोरा तुटणार. तुटलेला दोरा शेजारच्या रिळात घुसणार आणि असा गुंता करणार की अख्खी रांग बंद. म्हणून बायकांची एक रीत होती. पाळी संपली, भोंगा वाजला, तरी मशीन सोडायचं नाही. पुढच्या पाळीची बाई येणार, दांडीवर हात ठेवणार आणि म्हणणार, "घेतलं." की तू सुटलीस. तो शब्द कानावर पडेपर्यंत हलायचं नाही. मग घाईची लागू दे, नाहीतर घरी पोर रडू दे.

पुरुष चिडवायचे, "काय गं, तुम्ही बायका रोज घेता होय?"

बायका कसल्या ऐकतायत. "आम्ही घेतो म्हणून मशीन चालतं. तुम्ही घेता तेव्हा भिंत धरून चालता."

कारखाना बंद पडला तो नेमका खिळाच्या पाळीत. भरदुपारी वीज गेली, साहेब आला, म्हणाला, झालं, संपलं, घरी जा. कुणी रडलं, कुणी शिव्या घातल्या, सगळे गेले. ही उभीच. बंद मशीनवर हात ठेवून.

"अहो बाई, जा की घरी," सुपरवायझर म्हणाला.

"माझी बदली कुठं आलीय अजून?"

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा कसातरीच झाला. "तुम्ही जा. मी आहे ना."

पण 'घेतलं' म्हणाला नाही तो. वॉचमन कुलूप घेऊन आला तेव्हा कुठं खिळा हलली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव खिळा पडलं.

'मी आहे ना.' या तीन शब्दांची तिला तेव्हापासून चीड. जो माणूस असतो तो असतोच, त्याला सांगत फिरावं लागत नाही.

तिचा दीर हेच वाक्य खिशात घेऊन फिरायचा. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोलायला एक नंबर. खिळाच्या नवऱ्याला लकवा मारला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका, मी आहे ना." त्यानंतर तो सणासुदीलासुद्धा दिसला नाही.

नवऱ्याची उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं, चिडणं मात्र शाबूत राहिलं. दिवसा शेजारीण डोकावायची, पाणी द्यायची. पण उचलणं, कुशीवर वळवणं, धुणंपुसणं खिळाचं. खोली एक. पलंग आणि कपाट यांच्या फटीत तिची सतरंजी. फट एवढी अरुंद की कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागायचं. रात्री त्यानं हाक मारली की ती झोपेतच म्हणायची, "आले." म्हणायची आणि मग जागी व्हायची.

आणि एक मुलगी, परगावी दिलेली. पहिल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. खिळा जाणार होती. पिशवी भरून दारात बसली होती. नवऱ्याजवळ बसायला दीर येतो, येतो म्हणत राहिला आणि आला नाही. पोरगी दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून एकटी पडून होती, हे खिळाला नंतर जावयाकडून कळलं. आता पोरीचे दुसऱ्यांदा दिवस भरले होते. फोनवर म्हणाली, "आई, या वेळी तू आली नाहीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." आणि लगेच बारीक आवाजात, "ये ना गं."

खिळा म्हणाली, "येते." आता ही येते कशी, एवढाच काय तो प्रश्न.

तिकडे कारखान्याच्या इमारतीत बरेच दिवस कबुतरं नांदली. मग कुणीतरी ती साफ केली, छपराला काचा लावल्या आणि कलाकेंद्र अशी पाटी ठोकली. तिथल्या मॅडमना जुन्या कामगारांपैकी कुणीतरी हवं होतं, म्हणून खिळा लागली. काम काय, तर खुर्चीवर बसायचं आणि येणाऱ्याला सांगायचं, हात लावू नका. आणि खुर्ची ठेवलेली कुठं, तर जिथं तिचं मशीन होतं तिथंच. फरशीत बोल्टची भोकं अजून होती. पहिल्या दिवशी तिनं ती चपलेच्या टोकानं चाचपली आणि स्वतःशीच म्हणाली, "घ्या. फिरून तिथंच."

या हंगामात तिथं एक शिल्पकार आला होता. दाढी वाढलेला, हाडं मोजून घ्यावीत असा. हॉलच्या मधोमध त्यानं झाडाचं एक खोड आडवं टाकून घेतलं होतं, बसएवढं. एका टोकानं छिन्नी-हातोडा घेऊन शिरायचं, आतून कोरत कोरत जायचं आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत हातोडा थांबणार नाही. तो बोलणार नाही, खाणार नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

"आणि लघवी?" खिळानं विचारलं होतं. सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोघं चहा पीत बसले होते.

"तेवढं सोडून, मावशी."

"मग ठीक. पण कशासाठी रे एवढं?"

त्यानं कपातला चहा संपवला. "शिरलो की कळेल."

"मला विचारशील तर शिरण्याआधी कळलेलं बरं."

तो खूप हसला. मग तिनं त्याला कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या, बदलीची रीत सांगितली, 'घेतलं' सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या कामात हे नाही. माझी बदली कुणी नसते."

झालं, शिरला तो. आधी डोकं गेलं, मग खांदे, आणि पुढं पुढं तर बाहेर नुसते पाय. मॅडमनी कॅमेरा लावला होता. लांबलांबचे लोक घरबसल्या बघत होते म्हणे. काय बघत होते? पाय. खिळा दिवसभर त्या पायांसमोर बसायची. तळवे भेगाळलेले, टाचांना भुसा चिकटलेला. आतून ठक, ठक, ठक. घरी गेली तरी तो आवाज कानातून जाईना. नवऱ्याला वळवताना ती त्या ठेक्यात वळवायला लागली.

तिचा निघायचा दिवस आला. दुपारपर्यंत काम, संध्याकाळची बस. पिशवी खुर्चीखाली भरून ठेवलेली. दीर दुपारी घरी येऊन भावाजवळ बसणार होता, पोचला की फोन करणार होता. दुपारी तिच्या जागी बसायला ठरलेली बाई आली की खिळा सुटणार होती.

दुपारची बाई आली नाही. फोनही आला नाही.

"मॅडम, मला निघायला पाहिजे."

"थोडं थांबा ना मावशी. ती येईलच. नाही आली तर मी आहे ना."

खिळानं दात आवळले आणि परत बसली. समोर पाय होते. आज त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. बोटं आखडत होती, सैल पडत होती, पुन्हा आखडत होती. हातोडा चुकत होता. ठक. मग काहीच नाही. मग ठक. आणि मधल्या फटीतून एक बारीक आवाज, कुत्र्याचं पिल्लू दाराबाहेर राहिल्यासारखा.

"तो रडतोय आत," ती मॅडमना म्हणाली.

मॅडमचाही चेहरा उतरला होता. "माहितीय. पण त्यानंच शपथ घातलीय मला. काही झालं तरी थांबवू नका म्हणालाय."

"थांबवू नका म्हणालाय. घेऊ नका असं तर नाही ना म्हणालेला?"

मॅडमना काय ते कळायच्या आत खिळा खोडाभोवती बांधलेल्या दोरीखालून वाकून पलीकडे गेली. तिनं काही ठरवलं वगैरे नव्हतं. खाली बसली, त्याचा घोटा धरला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "घेतलं."

आवाज थांबला.

पाय हलले. तो कोपरांवर सरकत मागं मागं आला, बाहेर पडला, चेहरा भुशानं पांढरा, डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा. त्यानं खिळाकडे पाहिलं, छिन्नी आणि हातोडा तिच्या हातात दिले, भिंतीपर्यंत गेला आणि बसल्या जागी झोपून गेला.

बघायला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे सगळं ठरलेलंच.

"मावशी, अहो काय केलंत हे!" मॅडम धावत आल्या. मग कॅमेऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "आता आत जा. ठोका. आवाज बंद पडायला नको."

दुसरं कुणी असतं तर हातोडा फेकून चालू लागलं असतं. पण खिळा 'घेतलं' म्हणून बसली होती. कारखान्यात कुणी घेतलं म्हणून सोडून गेलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती पदर खोचून आत शिरली.

आत अंधार, आणि ओल्या लाकडाचा उग्र वास. छत नाकाला लागत होतं. हात उगारायला जागा नाही, मनगटानंच मारायचं. ठक. ढलपी तोंडावर. ठक. कूस बदलायची सोय नाही. तिला एकदम वाटलं, ही जागा मला माहितीय की. मी रोज रात्री इथंच झोपते.

बाहेर खुर्चीवर फोन वाजला. बंद झाला. पुन्हा वाजला.

"मॅडम! कुणाचा आहे बघा!"

"भावजी असं लिहिलंय."

"उचला, उचला!"

ठक. ठक. मग खोडाच्या तोंडाशी मॅडमचा आवाज घुमला. "ते म्हणतायत, जरा अडकलोय, आत्ता नाही जमणार, रात्री बघतो. काळजी करू नका म्हणाले, मी आहे ना."

खिळाचा हातोडा हवेतच राहिला. हवेत म्हणजे काय, छताला टेकला.

"मॅडम, तुम्ही घेता का हे?"

"मी? अहो, मला कुठलं जमतंय. तुम्ही चालू ठेवा मावशी. मी आहे ना इथंच."

यावर खिळाला हसू फुटलं. त्या पोकळीत ते इतकं मोठं झालं की बाहेर लोक दचकले. हसता हसता तिला रडायला यायला लागलं, पण रडायलाही छाती फुगवावी लागते आणि तेवढी जागा नव्हती. दीर यायचा नव्हता. दुपारची बाई यायची नव्हती. कारखाना बंद पडला त्या दिवशी ती जिची वाट बघत उभी होती, ती बाईसुद्धा यायचीच नव्हती. आणि पोरगी तिकडे भिंतीकडे तोंड करून पडणार होती, दुसऱ्यांदा.

ती मागं सरकायला लागली. गुडघे सोलले. बाहेर आली तर हॉलमधले सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिच्या हातात हातोडा होता. भिंतीशी झोपलेल्याकडे तिनं पाहिलं. त्याच्या हातात परत द्यावा? नाही. त्या बिचाऱ्यावर कशाला टाकायचा. मॅडमना द्यावा? त्या दोन पावलं मागं गेल्या.

मग तिनं तो खाली फरशीवर ठेवला. कुणाच्याही हातात न देता. ठेवताना दुसऱ्या हातातली छिन्नी निसटून खणकन पडली.

"मावशी, असं मधेच सोडून गेलात तर पुन्हा कामावर यायचं बघा हं..."

"नाही येणार. त्याला उठवू नका. जवळ पाणी ठेवा, उठला की मागेल."

पिशवी उचलली, फोन उचलला आणि निघाली. रस्त्यात दोनदा थांबली. मागून कुणी हाक मारतंय असं वाटत होतं. कुणी मारत नव्हतं.

घरी नवरा जागा होता. "कु... कुठं होतीस?"

"उठा. पोरीकडे जायचंय."

"तू जा. तो ये... येतोय ना."

"तो नाही येत. तुम्ही येताय."

"मी? ना... नाही. मी नाही. लोक ब... बघतील."

"बघू देत. तिकीट लावू हवं तर."

तो चिडला, डाव्या हातानं उशी फेकली. तिनं तीच उशी पिशवीत कोंबली. दवाखान्यातून आणल्यापासून तो या खोलीच्या बाहेर पडला नव्हता. त्याला शर्ट घालताना तिच्या लक्षात आलं, की याचं घाबरणं पोरीच्या घाबरण्यासारखंच आहे. पण समजूत घालायला वेळ नव्हता. तिनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं आपल्या नवऱ्याला उठवलं, आणि तिघांनी मिळून त्याला जिन्यावरून उतरवला. सगळा जिना तो शिव्या देत होता. शिव्या मात्र अडखळत नव्हत्या.

बसच्या दारात कंडक्टरनं अडवलं. "बाई, हे असं कसं? मोठं सामान टपावर."

"नवरा आहे माझा. हात लावा जरा, मग बोला."

हात लावला कंडक्टरनं.

नवरा बसला की उजवीकडे कलायचा, म्हणून तिला उजवीकडे, खिडकीशी बसावं लागलं. तो सगळा तिच्यावर रेलला. एका बाजूला थंड पत्रा, दुसऱ्या बाजूला तो, मांडीवर पिशवी. हात काढायला जागा नाही. फोन वाजला तो तिनं कसाबसा खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

"आई, निघालीस?"

"निघालोय."

"निघालोय म्हणजे?"

"तुझा बाप पण आहे."

"आई, अगं इथं एकच खोली आहे."

"माहितीय मला. तुला कळा येतायत का ते सांग."

"येतायत." आणि पोरगी रडायला लागली. "लवकर या."

शेजारी नवरा डोळे मिटून बसला होता, पण ऐकत होता. त्याचा जबडा हलत होता, शब्द सापडत नव्हता. गाडीनं वळण घेतलं तसा तो अख्खा तिच्या अंगावर आला आणि तिचा खांदा खिडकीच्या दांडीत रुतला. तिनं दोन्ही पाय समोरच्या सीटला रोवले आणि त्याला तसाच धरून बसली.